घोडं पेंड खातं कुठे?

एखादं काम अडलं की आपण सहज विचारतो, ‘घोडं पेंड कुठे खातंय?’ म्हणीतली पेंड लाक्षणिक असते. घोड्यांच्या एका आजारात मात्र ती अक्षरशः खरी ठरते. लॅमिनायटिस हा खुराच्या आतल्या पापुद्र्यांचा आजार. त्यातून सावरलेली घोडी उठून चार पावलं नीट टाकू लागली की मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नालाचा. नालबंदाला बोलावून लगेच नाल ठोकून घ्यावा, की खूर मोकळेच राहू द्यावेत? प्रश्न रास्त आहे, आणि माझ्या मते भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात बहुतेक सावरलेल्या घोड्यांसाठी खूर मोकळे ठेवणं हेच शहाणपणाचं. पण एका अटीवर. दावणीतला खुराक आधी बदलला पाहिजे. ज्यानं नाल काढला आणि कणकीचं टोपलं तसंच ठेवलं, त्यानं फक्त नालबंदाची मजुरी वाचवली. घोडं पेंड खातंय ते दावणीत, आणि आपण शोधतोय खुरात.

भंडारा हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. 1999 साली गोंदिया वेगळा झाल्यावर सात तालुके उरले. तुमसरची तांदळाची बाजारपेठ, वैनगंगेचं पात्र, कोहळी समाजानं बांधलेले मालगुजारी तलाव ही त्याची ओळख. घोडा इथे कधीच शेतकऱ्याचा जोडीदार नव्हता. शेत बैलांनी कसलं, शंकरपटात बैलच पळाले. टांगे गेले आणि घोड्याला एकच धंदा उरला, लग्नाच्या वरातीचा. देशभरातच घोडे झपाट्यानं कमी होत आहेत. 2019 च्या पशुगणनेत घोडे आणि तट्टं मिळून सुमारे 3 लाख 40 हजार भरली; 2012 च्या तुलनेत ही घट 45 टक्क्यांहून जास्त होती. संख्या घटली की त्या जनावराभोवतीचं ज्ञानही विरळ होतं. नालबंद उरतो तो मुख्यतः बैलांना पत्री मारणारा, पशुवैद्यकाच्या दिवसातली बहुतेक जनावरं गाई-म्हशी आणि शेळ्या, आणि घोडीच्या मालकाला आपलं दुखणं ज्याच्याशी बोलावं असा दुसरा मालक दहा गावांत भेटत नाही. वरातीत घोडं सगळ्यांच्या पुढे असतं. त्याच्यावरचा इलाज मात्र नेहमी वरातीमागून येतो.

हा आजार समजायचा तर घोड्याचा पाय आपल्या हाताशी ताडून पाहावा. घोडा प्रत्येक पायाच्या एकाच बोटावर उभा असतो, आपल्या मधल्या बोटाच्या जागी असलेल्या बोटावर, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं जाड नख. बैलाच्या खुराला दोन फाळ्या असतात, भार वाटला जातो. घोड्याला ती सोय नाही. त्या नखाच्या आत बोटाचं शेवटचं हाड अक्षरशः टांगलेलं असतं. टांगणारी दोरी म्हणजे सुमारे 550 ते 600 उभे पापुद्रे, आणि त्या प्रत्येकावर आणखी दीडशे-दोनशे सूक्ष्म पापुद्रे. भिंतीकडचे पापुद्रे आणि हाडाकडचे पापुद्रे दोन वह्यांची पानं एकमेकांत सरकवावीत तसे गुंतलेले असतात. एका खुरातल्या या सगळ्या घड्या उलगडून पसरल्या तर जवळपास पाऊण चौरस मीटर जागा व्यापतील. साडेतीनशे-चारशे किलोचं जनावर या गुंतवणीवर तोललेलं असतं. लॅमिनायटिसमध्ये हीच गुंतवण ताणते, सुटते. मग हाड पुढच्या टोकानं खाली झुकतं किंवा सरळ खाली बसतं, आणि वाईट प्रसंगी तळव्यातून बाहेर डोकावतं. घोडी पुढचे पाय पुढे ताणून, अंग मागे टाकून उभी राहते, वळायला नको म्हणते, खूर हाताला गरम लागतात, टाचेच्या वरच्या बाजूला नाडी ठणठणते. अमेरिकेतला नामवंत शर्यती घोडा सेक्रेटेरियट याला 1989 मध्ये याच आजारामुळे वेदनामुक्तीसाठी मरण द्यावं लागलं. 2006 ची केंटकी डर्बी जिंकणारा बार्बारो पायाच्या मोडलेल्या हाडावर महिनोन्‌महिने उपचार घेत होता. जानेवारी 2007 मध्ये अखेर त्याचा घात केला तो इतर पायांवर आलेल्या लॅमिनायटिसनं. पैसा आणि वैद्यक हात जोडून उभे असतानाही हा आजार ऐकत नाही, इतकं यातून कळतं.

आजाराची वाट बहुधा पोटातून जाते, हे माणसाला फार पूर्वीच उमगलं होतं. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर लिहिणारा ग्रीक झेनोफन घोड्यांच्या ज्या दुखण्याचा उल्लेख करतो, त्याचं ग्रीक नावच जवावरून पडलेलं आहे. दाणा जास्त झाला की घोडा पायांनी आखडतो, हे निरीक्षण तेव्हाचं. कारण कळायला वेळ लागला. बैलाचं आंबवण्याचं पोट पुढे असतं, घोड्याचं मागे. जठर आणि लहान आतड्याला न पचलेला पिष्टमय दाणा एकदम मोठ्या आतड्यात उतरला की तिथले जीवाणू उसळतात, आम्ल तयार होतं, आतड्याचं अस्तर दुखावतं आणि त्याचे पडसाद खुरात उमटतात. ही झाली एका रात्रीत कोठारात घुसून पोटभर धान खाल्लेल्या घोडीची गोष्ट. दुसरी वाट संथ आहे आणि जास्त वापरातली आहे. 2007 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी निरोगी तट्टांच्या रक्तात इन्सुलिनची पातळी सलग चढी ठेवली. 72 तासांच्या आत त्यांना लॅमिनायटिस झाला. नंतर मोठ्या घोड्यांवरही तोच निष्कर्ष निघाला. म्हणजे पोट बिघडलेलं नसताना, ताप नसताना, केवळ इन्सुलिन चढं राहिलं तरी खुरातली गुंतवण ताणते. रोज थोडा थोडा गोड आणि पिष्टमय खुराक, कमी काम, वाढलेलं अंग, मानेवर गादीसारखा कडक झालेला चरबीचा पट्टा, हे सगळं त्याच दिशेनं नेतं. (वार अडकलेल्या घोडीला गर्भाशयातल्या विषामुळे होणारा आणि एका पायावर भार पडल्यानं होणारा लॅमिनायटिस निराळा, त्यांची पथ्यंही निराळी.)

आता ही माहिती भंडाऱ्याच्या गोठ्यात नेऊन पाहू. इथे जनावराला द्यायला सर्वांत स्वस्त आणि हाताशी असलेल्या वस्तू धानाच्याच: तणस, कोंडा आणि गिरणीतली कणकी. कणकीत तीन-चतुर्थांशाहून अधिक पिष्ट असतं. घोड्याच्या परंपरागत चंदीतला हरभराही निरुपद्रवी नाही, पण त्यातलं पिष्ट कणकीच्या जवळपास निम्मं. कोंडा दिसायला साधा, पण त्यात पिष्ट आहे, तेल आहे आणि फॉस्फरस फार आहे. कॅल्शियमच्या मानानं फॉस्फरस सतत जास्त झाला की घोड्याच्या हाडांतलं कॅल्शियम बाहेर निघू लागतं. गिरणीवाल्यांच्या घोड्यांना पूर्वी होणाऱ्या, चेहऱ्याची हाडं सुजवणाऱ्या जुन्या आजाराचं मूळ तेच. तणसात साखर कमी, हे चांगलं. पण त्यात प्रथिनं फारशी नाहीत, आणि त्यातली ऑक्झलेटं कॅल्शियम बांधून ठेवतात. नुसत्या तणसावर ठेवलेली घोडी बारीक होईल, पोट अडकून पडेल, खूर मात्र कमकुवतच वाढेल. हिरवा चारा म्हणून गाईंसाठी लावलेलं नेपियर गवतही ऑक्झलेटच्या बाबतीत त्याच पंगतीतलं. आणि धान निघण्याआधी ओल्या बांधीत फेकली जाणारी लाखोळी घोड्याला मुळीच देऊ नये. तिच्यातल्या विषानं घोड्याच्या स्वरयंत्राला पक्षाघात होतो आणि श्वास घेताना तो घोरल्यासारखा आवाज करतो. मग द्यायचं काय? कुरणातलं मारवेल किंवा हरळी, फुलोऱ्यानंतर कापून वाळवलेलं, हा कणा. 350 किलोच्या घोडीला दिवसाला पाच-सहा किलो, दोन-तीनदा वाटून. गवताची शंका असेल तर ते तासभर थंड पाण्यात भिजवून, पाणी टाकून द्यावं. विरघळणारी साखर बरीच निघून जाते. मात्र विदर्भाच्या उन्हात भिजलेलं गवत दुपारपर्यंत आंबतं, तेव्हा भिजवायचं तेवढंच जे लगेच संपेल. थोडी जवसाची ढेप, मीठ आणि पशुवैद्यकानं सांगितलेलं खनिज मिश्रण. गूळ, लाडू, कणकी, उरलेला भात हे सगळं बंद. वरातीत नवरदेवाच्या बहिणींनी घोडीला हरभऱ्याची डाळ चारण्याची उत्तरेकडची चाल आता आपल्याकडेही दिसते. अशा घोडीच्या मालकानं मूठभर वाळलेलं गवत सोबत ठेवून तेवढंच चारायला द्यावं. कुणाची मानपानाची हौस राहील, खूरही राहील.

एक गोष्ट उघडपणे म्हणायला हवी. आपल्याला घोडी गुटगुटीत लागते. वरात ठरवणारे लोक लकाकणारं अंग, भरलेली मान, गोल पुठ्ठे पाहून बोली लावतात, आणि मालक गिऱ्हाइकाच्या नजरेसाठी जनावर फुगवतो. पांढऱ्या नुकऱ्या घोडीची किंमत तिच्या दिसण्यातच असते. लॅमिनायटिसनं एकदा गाठलेल्या घोडीसाठी मात्र भरलेली मान हे लक्षण आहे, सौंदर्य नव्हे. बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत पण बोटांना सहज लागाव्यात, एवढंच अंग तिला हवं.

आता नालाकडे येऊ. नाल खुराच्या कडेला, म्हणजे भिंतीला, खिळ्यांनी धरलेला असतो. घोडीचा भार त्या कडेवर येतो आणि भिंत तो पापुद्र्यांकडे पोचवते. निरोगी खुरात याचं काही बिघडत नाही. पण ज्या खुरात भिंत आणि हाड यांची पकडच सैल झालेली आहे, तिथे सगळा भार भिंतीवर टाकणं म्हणजे चिरलेल्या दोरीला पाळणा बांधण्यासारखं. मोकळ्या खुरात भार भिंत, तळवा आणि तळव्यातली रबरासारखी त्रिकोणी गादी यांच्यात वाटला जातो. दुखरी भिंत थोडी मोकळी होते. दुसरं, आजारातून उठलेल्या खुराची भिंत ठिसूळ, पुढे फाकलेली, तळव्याजवळची पांढरी रेघ रुंदावलेली असते. तिथे खिळा ठोकणं म्हणजे नवी भेग आणि आत जायला मातीला नवी वाट. तिसरं कारण साधं आहे. मोकळा खूर रोज पाहता येतो, कानशीनं थोडं थोडं दुरुस्त करता येतो. नाल मारलेल्या खुरात सहा-आठ आठवडे जे चाललंय ते झाकलेलं राहतं आणि तोवर पुढचं टोक लांबत जातं. ते टोक जमिनीला लागून उचलताना तरफेसारखं काम करतं आणि सैल पापुद्रे आणखी फाडतं. म्हणून छाटणी करणाऱ्याचं मुख्य काम हे टोक मागे आणणं, टाच खाली घेणं, आणि तळव्याला हात न लावणं. बैलांची सवय असलेल्या नालबंदाचा हात साफसुफीसाठी तळवा खरवडण्याकडे जातो. पण तळवा हेच त्या झुकलेल्या हाडाखालचं अखेरचं पांघरूण. त्याची जाडी दहा मिलिमीटरच्या खाली असेल तर चिंता, पंधराच्या पुढे गेली तर दिलासा. तेव्हा चाकूला लगाम हवा आणि चार ते सहा आठवड्यांनी ठरलेली कानस हवी.

खुराचं घड्याळ संथ चालतं. भिंत वरून, केसांच्या कडेपासून, महिन्याला साधारण सहा ते दहा मिलिमीटर वाढते. पुढच्या टोकाशी वरून जमिनीपर्यंत नवी भिंत पोचायला नऊ महिने ते वर्ष लागतं. टाचेला चार-पाच महिने पुरतात. म्हणून ‘घोडी चालायला लागली’ आणि ‘खूर बरा झाला’ यांत वर्षाचं अंतर असतं. या वर्षाच्या हिशेबात आपलं पंचांग अचानक कामाला येतं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, वराती नसतात, घोडी रिकामी असते. चार महिन्यांत भिंत अडीच ते चार सेंटिमीटरच्या आसपास वाढेल, म्हणजे टाच जवळपास नवी आणि पुढच्या भिंतीचा वरचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग नवा. जुन्या खिळ्यांची भोकं खाली सरकत कानशीच्या हाती लागतात. ज्या घोडीचा आजार उन्हाळ्यात ओसरला आहे, तिचे नाल याच काळात उतरवावेत. कातडीच्या कडेपासून खाली सरकणारी नवी भिंत जुन्यापेक्षा वेगळ्या, तीव्र कोनात वाढताना दिसली, तर खुराक बरोबर आहे असं समजावं. नवी भिंतही जुन्याच फाकलेल्या कोनात उतरत असेल, किंवा टाचेकडे रुंद होत जाणारी नवी कडी उठली असेल, तर कुणी कितीही शपथा घेवो, दावणीत काहीतरी चोरून पडतं आहे. खूर हा खोटं न बोलणारा हिशेबनीस आहे.

इथेच पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप उभा राहतो, तो पावसाचा. भंडाऱ्यात वर्षाला तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतांश याच चार महिन्यांत. रोवणीच्या दिवसांत पांदणीत गुडघाभर चिखल. भिजलेला तळवा मऊ पडतो, खडा रुततो, त्रिकोणी गादीच्या खाचेत काळा, घाण वासाचा कुजवा धरतो. अशा काळात खूर मोकळे? आक्षेप खरा आहे, पण त्याचं उत्तर नालात नाही. लोखंडी नाल तळवा कोरडा ठेवत नाही. उलट त्याच्या आतल्या कडेला चिखल दाबून बसतो. प्रश्न जमिनीचा आहे. झेनोफननं अडीच हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की ओली, गुळगुळीत जमीन चांगल्या खुरांचीही माती करते. उपाय म्हणून त्यानं अंगणात गोल दगड पसरून घोड्याला त्यावर उभं करायला सांगितलं. आपल्याकडे मुरूम आहे. गोठ्यासमोर दहा बाय दहा फुटांचा उंचवटा, खाली गिट्टी, वर दाबलेला मुरूम, पाण्याला उतार, आणि घोडी दिवसातला बराच वेळ त्यावर. आजाराच्या तीव्र टप्प्यात आणि नंतरच्या पहिल्या आठवड्यांत मऊ आधार हवा असतो. त्यासाठी जाड वाळूचा थर जगभर वापरतात, कारण वाळू तळव्याच्या आकारात बसते आणि टोक रुतू देते. वैनगंगेच्या काठच्या जिल्ह्यात वाळू सुचवणं सोपं वाटतं. घाटांचे लिलाव आणि वाळूचे भाव माहीत असलेल्यांना ते तितकं सोपं वाटणार नाही. पण एका गोठ्याला लागते ती थोडीशी, आणि चारा वाळूवर टाकायचा नाही एवढं पथ्य पाळलं की पोटात वाळू जाण्याचा धोका टळतो. खाचा रोज साफ करून कोरड्या ठेवणं हे काम मात्र माणसालाच करावं लागतं, त्याला यंत्र नाही.

दुसरा आक्षेप रस्त्याचा. वरात डांबरी रस्त्यावरून जाते, सिमेंटच्या गल्लीतून जाते, डीजेपुढे तासभर एकाच जागी थांबते. बिननालाचा खूर झिजून जाणार नाही का? झिजेल. पण खूर झिजण्याइतकं त्याचं चालणं होतं का, हे आधी मोजा. हंगामात आठवड्याला दोन-तीन वराती, प्रत्येकी किलोमीटर-दीड किलोमीटर, एवढ्यानं महिन्याची आठ मिलिमीटर वाढ क्वचितच संपते. घोडीला छळते ती झीज कमी आणि कडक जमिनीवरचं तासन्‌तास उभं राहणं जास्त. ते नालानंही कमी होत नाही. लोखंड गुळगुळीत कडक पृष्ठभागावर घसरतं, हेही विसरू नये. माथेरानच्या लाल मातीच्या रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे बसवण्यावरून अश्वपालकांनी केलेल्या तक्रारीत घसरण्याची भीती हाच मोठा मुद्दा होता आणि तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ज्या घोडीला डांबरावर जाणं भाग आहे, तिला कामापुरते रबरी बूट घालता येतात. वरात संपली की काढायचे. बूट बाहेरून मागवावे लागतात, मापात बसले नाहीत तर घासतात, स्वस्तही नाहीत. तरी वर्षभराच्या नालबंदीच्या आणि आजारपणाच्या खर्चाशेजारी ठेवून ती किंमत पाहावी.

नालाच्या बाजूनं बोलणाऱ्यांची एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. प्रत्येक खूर मोकळा ठेवता येत नाही. हाड फार झुकलं असेल, तळवा कागदासारखा पातळ असेल, पायाखाली आधार दिल्याशिवाय घोडी उभीच राहत नसेल, तर उलटा नाल, हृदयाकृती पट्टीचा नाल किंवा लाकडी तळवा लावून हाडाखाली आधार देणं हा उपचार आहे आणि तो एक्स-रे समोर ठेवूनच करायचा. भंडाऱ्याहून साठेक किलोमीटरवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. खुराचे बाजूनं घेतलेले एक्स-रे आणि रक्तातल्या इन्सुलिनची तपासणी यांची चौकशी तिथे करणं हा आजार समजून घेण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. पण असा उपचारी नाल बसवायला शिकलेला हात जिल्ह्यात मिळेलच असं नाही. बैलाच्या पत्रीवर वाढलेल्या हातानं बसवलेला चुकीचा नाल आणि नीट कानस मारलेला मोकळा खूर, यांत निवड करायची तर दुसराच बरा. इथे माझा युक्तिवाद तत्त्वाचा कमी आणि जागेचा जास्त आहे, हे मान्य करतो. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवर, जिथे रोज घोडे पाहणारा नालबंद आहे, तिथे तो इतका ठाम राहणार नाही.

दुसऱ्या टोकाच्या लोकांनाही थोडं उत्तर द्यायला हवं. ‘निसर्गात घोडा नाल घालत नाही, म्हणजे नाल काढला की सगळं बरं होतं’ असं सांगणारा एक पंथ जगभर आहे. ऑस्ट्रेलियातल्या मोकाट ब्रंबी घोड्यांचे खूर संशोधकांनी तपासले, तेव्हा त्यांत दोष भरपूर आढळले. जुन्या लॅमिनायटिसच्या खुणाही सापडल्या. निसर्ग आदर्श खुरांचा कारखाना नाही. मोकळा खूर औषध नाही, ती एक सोय आहे, शरीराला आपली दुरुस्ती करू देण्याची. नाल काढल्यावर पहिले काही आठवडे घोडी खडीवर जपून चालली तर घाबरायचं कारण नाही. पण मऊ जमिनीवरही ती पाऊल आखडून टाकत असेल, वळताना थबकत असेल, टाचेवरची नाडी पुन्हा ठणकत असेल, तर त्याला ‘सवय होईल’ म्हणणं क्रूरपणा. तो आजार परतला आहे. आणि खुराक वर्षभर तंतोतंत पाळूनही कडी पुन्हा उठत असेल, घोडी वयस्क असेल, उन्हाळ्यातही तिचे लांब केस गळत नसतील, तर मेंदूतल्या ग्रंथीच्या बिघाडाची तपासणी करून घ्यावी. मग दोष दावणीचा नसतो, आणि त्यावर औषधं आहेत.

बालपणी ऐकलेलं कोडं इथे आठवतं: भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. सावरलेल्या घोड्यासाठी हे खरं आहे. चालण्यानं खुरातलं रक्त फिरतं, इन्सुलिन खाली येतं, अंग उतरतं. पण तीव्र आजारात तेच उत्तर घातक. गुंतवण सुटत असताना घोड्याला चालवणं म्हणजे ती फाडणं. तेव्हा त्याला बांधून नव्हे, पण लहान मऊ जागेत मोकळा ठेवावा, पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं वेदनाशामक आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत खुरांना बर्फाच्या पाण्याचा गारवा द्यावा. फिरवणं सुरू करायचं ते वेदनाशामक बंद करूनही घोडा आपणहून मोकळा चालू लागल्यावर. पाच मिनिटांपासून, सरळ रेषेत, मऊ जमिनीवर. धानकापणीनंतर कोरड्या झालेल्या बांध्या अशा चालण्याला चांगल्या, फक्त खळ्यावरच्या राशीकडे आणि बांधीत सांडलेल्या लोंब्यांकडे तोंड जाऊ द्यायचं नाही. कापणीचा काळ या घोड्यांसाठी सर्वांत धोक्याचा आणि लग्नसराईची सुरुवातही नेमकी तेव्हाच.

म्हणून शेवटचा आक्षेप पोटाचा. ‘वर्षभर घोडी बसवून ठेवली तर खायचं काय?’ याला सोपं उत्तर नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. पण मधली वाट म्हणून वेदनाशामकाचं इंजेक्शन टोचून घोडी वरातीत उभी करणं हा तोट्याचाच सौदा आहे. औषध दुखणं झाकतं, गुंतवण शिवत नाही. त्या दोन तासांत घोडी ज्या पायांवर एरवी भार टाकला नसता, त्यावर टाकते. आजारानं काम करण्यास असमर्थ असलेल्या जनावराला कामाला लावणं हा 1960 च्या प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हाही आहे, जरी वरातीत तो कुणी तपासायला येत नसला तरी. मालकानं हिशेब मांडायचा तर असा मांडावा: आषाढात नाल उतरवलेल्या घोडीला तुळशीच्या लग्नाच्या हंगामात वरात नाही. फाल्गुनापासून मऊ किंवा जवळच्या वाटेच्या, बूट घालून, आठवड्याला एक. पुढच्या आषाढात, जेव्हा आजारानंतर उगवलेली भिंत पुढच्या टोकाशीही जमिनीला टेकलेली असेल, तेव्हा पुन्हा एक्स-रे आणि मगच पूर्ण हंगाम. तोवर दुसऱ्या मालकाची घोडी भाड्यानं आणून ठरलेल्या वराती निभवाव्या लागतील, किंवा बग्गीवाल्याला द्याव्या लागतील. त्यात पैसे कमी सुटतात. नवी घोडी घ्यायला मार्गशीर्षात तापीकाठच्या सारंगखेड्याच्या बाजारात जाणाऱ्याला तिथले भाव विचारले की कमी सुटलेल्या पैशांचा आकडा लहान वाटू लागतो.